मतपत्रिकेवर न छापलेली सीमा

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या की ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटननं युरोपियन युनियन सोडायचं की नाही याचं मतदान आज परत झालं तर निकाल उलटा लागेल, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, नवऱ्याच्या नोकरीमुळे मी 2012 ते 2021 उत्तर आयर्लंडमधल्या (म्हणजे आयर्लंड बेटावरच्या ब्रिटनच्या भागातल्या) डेरी शहरात राहिले, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

ताई, ब्रिटनच्या लोकांनीच बहुमतानं बाहेर पडायचं ठरवलं ना? मग आता रडारड कशाला? बहुमत म्हणजे बहुमत.
– एक वाचक, सांगली

बहुमत होतंच, ते मी नाकारत नाहीये. 23 जून 2016 ला 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं, 48.1 टक्क्यांनी राहूया म्हटलं, म्हणजे साधारण 1 कोटी 74 लाख विरुद्ध 1 कोटी 61 लाख, आणि मतदानही 72 टक्के झालं होतं, कोणी घरी झोपून राहिलं असं नाही.

पण त्या कागदावर काय होतं ते सांगते. आमचं केंद्र एका शाळेच्या हॉलमध्ये होतं, तिथं दोऱ्याला बांधलेली पेन्सिल असते, कागदावर एकच प्रश्न, ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहावं की बाहेर पडावं, खाली दोन चौकोन, एकात फुली मारायची आणि पेटीत टाकायचं, झालं. बाहेर पडायचं म्हणजे कसं पडायचं, युरोपच्या बाजारात राहून की तेही तोडून, कस्टमचं काय, आणि आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर असलेल्या, युनियनमध्येच राहणाऱ्या आयर्लंड या वेगळ्या देशाच्या सीमेचं काय, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं. त्यामुळे एकाच चौकोनात फुली मारणाऱ्या दोन माणसांच्या मनात दोन वेगळे देश होते. पुढे 2019 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार त्यांच्याच संसदेनं तीन वेळा पाडला, पहिल्यांदा तर 230 मतांनी, कारण लोकांनी "बाहेर" एवढंच सांगितलं होतं, "कुठे" ते कोणी विचारलंच नव्हतं.

आणि बहुमत कोणाचं हेही बघा हो. स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोक राहूया म्हणाले, उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास 56, आमच्या फॉइल मतदारसंघात तर 78. सीमा ज्यांच्या दारात आहे त्यांचं उत्तर स्पष्ट होतं, पण एकूण बेरजेत ते बुडालं. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

तुम्ही भारतीय पासपोर्टवर असताना तिथं मत दिलंत? असं कसं शक्य आहे?
– एक वाचक, डोंबिवली

शक्य आहे आणि दिलं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तिथल्या मोठ्या निवडणुकांत मत देता येतं, त्यामुळे व्हिसावर आलेले आपले कितीतरी लोक त्या दिवशी रांगेत होते. माझी शेजारीण पोलंडची, दहा वर्षं तिथं राहिलेली, टॅक्स भरणारी, दोन्ही मुलं तिथंच जन्मलेली, तिला मत नव्हतं, कारण आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून बाकी युरोपियन नागरिकांना या मतदानातून वगळलं होतं. मी मत देऊन आले तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती, मला म्हणाली, तुझं मत माझ्यासाठी पण दे असं सांगायला हवं होतं गं. मी राहूयाच्या चौकोनातच फुली मारली होती पण तिला ते सांगायचा धीर झाला नाही.

मी फौजेत होतो, बॉर्डर म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. आयर्लंडच्या बॉर्डरची एवढी भानगड कशासाठी? फाटक लावा, चौकी बसवा, विषय संपला.
– निवृत्त सुभेदार, सातारा

सुभेदारसाहेब, तुम्ही ज्या बॉर्डरवर उभे राहिलात तिथं पलीकडे दुसरं सैन्य होतं, इथं पलीकडे मावशीचं घर आहे. साधारण 500 किलोमीटरची ही रेघ 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी करताना जुन्या जिल्ह्यांच्या हद्दींवरून ओढली, आणि त्या हद्दी शेतातून, ओढ्यातून, कुठं कुठं तर एकाच वाडीच्या मधून जातात. दोनशेहून जास्त रस्ते तिला ओलांडतात.

डेरीतून ब्रिजएंडच्या दिशेनं निघालात की सीमा आली हे तुम्हाला रस्ता सांगतो, पाटी नाही. कडेची पांढरी रेघ पिवळी होते, वेगाची मर्यादा मैलातून किलोमीटरमध्ये जाते, लाल पोस्टाची पेटी हिरवी होते, पेट्रोलचा भाव पौंडाऐवजी युरोत दिसतो आणि पर्समधला मोबाइल टिंग करून रोमिंगचा मेसेज देतो. बस एवढंच. माणसं रोज कामाला, शाळेला, दूध घालायला इकडून तिकडे जातात. (आम्हाला मात्र ती रेघ पूर्ण उंचीची भिंत होती, कारण ब्रिटनचा व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवाल्यांना आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तो काढेपर्यंत नवऱ्याचे ऑफिसमधले लोक रविवारी पलीकडच्या समुद्रावर जायचे तेव्हा आम्ही घरी बसायचो. फाटक नसलेली सीमापण सीमाच असते हे मी तिथं शिकले.)

आता तुमच्या चौकीबद्दल. चौकी होती, फौजेची होती, टेहळणीचे मनोरे होते. 1990 च्या ऑक्टोबरमध्ये याच रस्त्यावरच्या कोशक्विन नाक्यावर, फौजेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका साध्या माणसाच्या घरच्यांना आयआरए या ब्रिटनविरोधी सशस्त्र संघटनेनं ओलीस धरून, बॉम्ब भरलेली गाडी त्याला नाक्यावर न्यायला लावली, तो गेला आणि 5 जवान गेले. आयर्लंडशी एक व्हायचंय म्हणणारे, बहुतेक कॅथलिक, आणि ब्रिटनमध्येच राहायचंय म्हणणारे, बहुतेक प्रोटेस्टंट, यांच्यातल्या त्या संघर्षात तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं मेली. 10 एप्रिल 1998 ला तो थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला आणि त्यानंतर हळूहळू ते मनोरे उतरले. ज्यांनी ते मनोरे उतरताना बघितलेत त्यांना तुम्ही परत एक कॅमेऱ्याचा खांब जरी लावूया म्हणालात ना तरी त्यांचा चेहरा बदलतो, मी बघितलाय तो चेहरा.

पण ब्रिटन बाहेर पडल्यावर मालाची तपासणी कुठंतरी व्हायलाच हवी, कारण एका बाजूला युरोपचे नियम आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनचे. जमिनीवर नको म्हणून ती समुद्रावर टाकली, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडहून येणारा माल लार्न आणि बेलफास्टच्या बंदरात तपासायचा, स्वतःच्याच देशातून आलेला माल! मी दर हिवाळ्यात इंग्लंडमधल्या एका नर्सरीतून गुलाबाची रोपं मागवायचे, जानेवारी 2021 मध्ये त्यांचा मेल आला की मातीसकट रोपं आता उत्तर आयर्लंडला पाठवता येणार नाहीत. माझं काय, गुलाबच होते, पण जे लोक स्वतःला मनापासून ब्रिटिश मानतात त्यांना वाटलं आपल्याला घराबाहेर काढलं, आणि तेही चूक नव्हतं. त्यांच्या डीयूपी पक्षानं यावरून सरकार चालवायला नकार दिला, फेब्रुवारी 2022 पासून दोन वर्षं तिथं सरकारच नव्हतं. 2023 मध्ये विंडसर करार करून तपासणी बरीच सैल केली, पण ती रेघ पुसलेली नाही, जागा बदललीय फक्त.

ताई, या सगळ्यात आमच्या मालवणच्या सुपुत्राचा हात होता हे खरं काय?
– एक वाचक, कट्टा, ता. मालवण

खरं आहे, आणि तुम्ही अभिमानानं सांगा. लिओ वराडकर यांचे वडील डॉक्टर, मूळचे तुमच्या शेजारच्या वराड गावचे. लिओ 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि जमिनीवर पुन्हा सीमा नको हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, युरोपच्या बाकी देशांनाही त्यावर सोबत ठेवलं. 10 ऑक्टोबर 2019 ला लिव्हरपूलजवळच्या एका जुन्या हवेलीत ते आणि ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन भेटले, तिथं गाडं हललं आणि आठवड्याभरात बाहेर पडण्याचा करार झाला. त्याच डिसेंबरमध्ये ते कुटुंबासह वराडला येऊन गेले. आमच्या ब्रिटिश मानणाऱ्या शेजाऱ्यांना ते अजिबात आवडायचे नाहीत, मला पण त्यांच्यावरून टोमणे ऐकावे लागलेत, पण जमिनीवर चौकी आली नाही याचं श्रेय मी तरी त्यांना देते.

2014 ला युरोपनं आमचा हापूस बंद केला होता. ब्रिटन बाहेर पडलं ते आमच्या फायद्याचंच नाही का?
– एक बागायतदार, देवगड

तुमचा राग समजतो. 1 मे 2014 पासून ब्रसेल्सनं आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ बंद केलं, खेपेत फळमाशी सापडली म्हणून, आणि लेस्टरच्या दुकानदारांनी कितीही ओरड केली तरी लंडनला एकट्याला तो निर्णय फिरवता येत नव्हता. युनियनमध्ये असण्याची ती किंमत होती. पुढे वाफेची प्रक्रिया वगैरे सुधारणा झाल्यावर 2015 मध्ये आंबा परत सुरू झाला, म्हणजे ब्रेक्झिटच्या आधीच. बाहेर पडताना ब्रिटननं बहुतेक युरोपीय नियम स्वतःच्या कायद्यात जसेच्या तसे उतरवून घेतले, त्यामुळे माशी असलेला आंबा काही लगेच चालायला लागला नाही. मात्र भारताशी स्वतंत्र व्यापार करार करायची मोकळीक त्यांना मिळाली, तो 24 जुलै 2025 ला सह्या होऊन झाला, हे ब्रेक्झिटशिवाय झालं नसतं हे मी मान्य करते.

माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला आहे. त्याचं पुढे काय? आणि गोव्यात पण असंच मतदान झालं होतं, तुम्ही ते का लिहीत नाही?
– एक वाचक, मडगाव

भावाचं आधी. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं, म्हणून कितीतरी गोंयकार युरोपियन म्हणून ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनमध्ये तर त्यांची मोठी वस्तीच झाली. 2020 संपायच्या आत तिथं राहत असेल आणि 30 जून 2021 च्या आत त्यानं आधीपासून राहणाऱ्या युरोपियन नागरिकांसाठीच्या सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज केला असेल तर त्याचे हक्क शाबूत आहेत. त्याचा स्टेटस कच्चा आहे की पक्का ते मात्र आजच त्याला फोन करून विचारा, पुढच्या वर्षावर टाकू नका. आता नवीन जाणाऱ्याला मात्र पोर्तुगीज पासपोर्टवर तो रस्ता नाही, त्याला आपल्यासारखाच कामाचा व्हिसा काढावा लागतो.

16 जानेवारी 1967 चा ओपिनियन पोल मी विसरलेली नाही. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे वेगळं राहा, आणि 34 हजार मतांनी दोन पानं जिंकली. मी महाराष्ट्रातली असून म्हणते, तो प्रश्न जास्त प्रामाणिक होता, कारण फूल निवडलं तर काय होईल आणि पानं निवडली तर काय होईल हे दोन्ही पणजीच्या कोळणीलाही ठाऊक होतं. शिवाय विलीनीकरणाच्या बाजूचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर मतदानाआधी खुर्ची सोडून बाजूला झाले होते.

ताई, मी लॉ करतेय. भारतातून एखादं राज्य असं बाहेर पडू शकतं का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही गं. युरोपियन युनियन हा देशांनी आपसात केलेला करार आहे आणि त्यात बाहेर पडायचं कलम 50 लिहिलेलं आहे. भारतीय संघराज्य राज्यांच्या करारातून झालेलं नाही म्हणून कुठल्याही राज्याला फुटून निघायचा हक्क नाही, हे आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत स्पष्ट सांगितलंय, ते भाषण मुळातून वाच. राज्यांच्या आपसातल्या हद्दी कलम 3 खाली संसद बदलू शकते, बेळगावचा प्रश्न त्या खात्यात येतो, तो वेगळा.

लोकांना आता पश्चात्ताप होतोय असं तुम्ही म्हणता. मग परत जातील का? आणि दोन्ही आयर्लंड एक होतील का?
– एक वाचक, नागपूर

यूगव्ह या मतचाचणी घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या जानेवारी 2025 च्या पाहणीत 55 टक्के लोक म्हणाले बाहेर पडणं चुकलं, 30 टक्के म्हणाले बरोबर होतं. पण चुकलं म्हणणं वेगळं आणि परत त्या सगळ्यातून जायची तयारी वेगळी, तिथले लोक या विषयानं अक्षरशः थकलेत.

आयर्लंडचं म्हणाल तर उत्तरेतले बहुसंख्य लोक एकीकरणाच्या बाजूनं मत देतील असं दिसलं तर ब्रिटिश सरकारनं मतदान घ्यायचं, हे 1998 च्या करारातच आहे. आज उत्तरेत पारडं अजून ब्रिटनमध्ये राहण्याकडे झुकतंय, पण 2021 च्या जनगणनेत पहिल्यांदाच कॅथलिक घरांतले लोक प्रोटेस्टंटांपेक्षा जास्त निघाले आणि फेब्रुवारी 2024 पासून सरकारच्या प्रमुख एकीकरणवादी शिन फेन पक्षाच्या मिशेल ओनील आहेत. मतदान कधीतरी होईल असं मला वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी कागद लिहा, पेन्शन कोण देणार, दवाखाना फुकट राहणार का, ब्रिटिश पासपोर्ट ठेवता येईल का, आणि मग विचारा.

हे जमतं, त्यांनीच एकदा करून दाखवलंय. 1998 मध्ये मतदानाच्या आधी तो अख्खा करार छापून उत्तर आयर्लंडमधल्या घराघरात पाठवला होता, आणि 22 मे ला 71 टक्के लोकांनी हो म्हटलं. आमच्या समोरच्या आजींनी त्यांची प्रत अजून ठेवलीय. एकदा चहाला गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या खणातून, विजेच्या बिलांखालून काढून दाखवली. कैद्यांना सोडण्याच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्यांचा भाऊ त्या संघर्षात गेलेला. म्हणाल्या, हे पान मी तीन रात्री वाचलं, चौथ्या दिवशी जाऊन हो वर फुली मारली.