पत्र्याच्या शेडमध्ये कोणी नसताना आरसीडब्ल्यूएल-०५१६ रडार मॉड्यूलचा सायरन दर दोन-तीन सेकंदांनी पुन्हा का वाजतो?

मॉड्यूल बहुतेक चांगलं आहे. सायरन-रिले (सायरन चालू करणारा विजेवरचा स्विच) ओढताना सप्लायचा व्होल्टेज क्षणभर दबतो आणि त्या धक्क्यालाच ते हालचाल समजतं. एकदा ट्रिगर झालं की त्याचं आउटपुट साधारण दोन सेकंद चालू राहतं, म्हणून तुमचा ठेका नेमका तेवढाच येतोय. लातूरकडच्या आमच्या सोयाबीनच्या गोडाऊनला हेच झालं होतं.

आधी रिले काढा, आउट पिनवर १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी लावा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून लांब उभं राहा. एलईडी शांत राहिला तर दोष अ‍ॅडॅप्टरचा किंवा रिलेचा. मग:

- व्हीआयएन (सप्लायची पिन) आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर
- रिले ट्रान्झिस्टरमधून चालवा, कॉइलवर उलटा डायोड. आउट पिन ३.३ व्होल्टची आहे, ती थेट रिले ओढत नाही
- ३व्ही३ ही पिन आउटपुट आहे, तिला सप्लाय देऊ नका (ही चूक फार जण करतात)

बॅटरीवरही एलईडी लागत असेल तर जवळ वायफाय बोर्ड असल्यास तो लांब न्या, पत्र्यापासून अंतर ठेवा आणि पार्ट असलेली बाजू राखायच्या जागेकडे करा. वाऱ्यानं फडफडणारा सैल पत्राही त्याला माणसासारखाच दिसतो, तो आधी आवळा.

एक मात्र आहे: हे पत्र्यापलीकडचं पकडत नाही, पण पातळ विटांच्या भिंतीपलीकडचं पकडू शकतं. शेजारी गोठा असेल तर बैल हलला तरी वाजेल.