क्लिनिकल पाथवेच्या व्हेरियन्स शीटचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शंभर खाटांच्या हॉस्पिटलात तुम्ही वॉर्ड इन्चार्ज आहात. एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तयारीत क्लिनिकल पाथवे आले, म्हणजे एखाद्या आजारात कोणत्या दिवशी काय करायचं याचे ठरलेले आराखडे. त्यांच्यासोबत व्हेरियन्स शीट आली, म्हणजे जे ठरल्याप्रमाणे झालं नाही ते कारणासकट लिहायचा कागद. सिस्टर ती भरतात, फाइल रेकॉर्ड रूमला जाते आणि विषय तिथेच संपतो. डॉक्टर म्हणतात, प्रत्येक पेशंट वेगळा असतो, मग ठरल्याप्रमाणे झालं नाही हे लिहून काय मिळणार?

खूप काही मिळतं. मी आधी सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते आणि नंतर बरीच वर्षं क्वालिटीचं काम केलं, त्यामुळे ही शीट भरणारीच्या जागेवरूनही पाहिली आणि वाचणारीच्या जागेवरूनही. तुमच्याकडे भरणं सुरू झालंय, वाचणं अजून सुरू झालेलं नाही. अडचण तेवढीच आहे.

आधी एक गोष्ट तुमच्या सिस्टरांना आवर्जून सांगा: पाथवे वॉर्डात आणले ते नर्सेसनी. १९८३ साली अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेने) झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देणं थांबवून आजाराच्या गटाप्रमाणे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. पेशंट विनाकारण दोन दिवस जास्त राहिला तर तो खर्च हॉस्पिटलच्या अंगावर येऊ लागला. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये कॅरन झँडर आणि त्यांच्या सहकारी नर्सेसनी १९८५ च्या सुमारास मोठ्या प्रकल्पांच्या वेळापत्रकाची पद्धत पेशंटच्या काळजीला लावली. कोणत्या दिवशी काय व्हायला हवं ते एका कागदावर आलं, आणि जे झालं नाही ते कारणासकट नोंदवायचं ठरलं. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही पॅकेजची रक्कम ठरलेली असते, तेव्हा हा हिशेब आपल्याला अनोळखी नाही.

पण माझा या पद्धतीवर जीव आहे तो पैशांमुळे नाही. लघवीचं कॅथेटर दोन दिवस जास्त राहिलं, ऑपरेशन पुढे गेलं म्हणून माणूस दुपारपर्यंत उपाशी राहिला, रविवार होता म्हणून कुणी चालवलं नाही. याला कुणी चूक म्हणत नाही, याचा इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे चुकीची किंवा अपघाताची रीतसर नोंद, होत नाही. त्रास मात्र झालेला असतो, आणि तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी तसाच होतो. असा त्रास कागदावर येण्याची जागा व्हेरियन्स शीटशिवाय मला कुठे सापडली नाही.

गुडघा बदलाचं उदाहरण घेते, कारण ते मी जवळून पाहिलंय. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभं करायचं, असं आमच्या पाथवेत होतं. बऱ्याच फाइलींत ते झालेलं नसायचं आणि कारणाच्या रकान्यात एकच वाक्य असायचं: ‘पेशंटचा नकार, दुखत आहे’. एकेक फाइल पाहिली तर पटतंही. सत्तरीच्या आजी, दुखणारच. पण त्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, ऑपरेशनचा वार लिहिला, उभं करायला गेल्याची वेळ लिहिली, तेव्हा चित्र पालटलं. शनिवारी ऑपरेशन झालेले पेशंट त्यात जास्त होते, कारण रविवारी फिजिओ बोलावल्याशिवाय येत नसत. उरलेल्यांमध्ये फिजिओ यायचे सकाळी आणि वेदनाशामकाचा डोस असायचा त्यानंतर. म्हणजे रात्री ब्लॉकचा (पाय बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा) परिणाम उतरल्यावर, आधीच्या गोळीचा जोर संपत असताना आपण त्या बाईंना उठायला सांगत होतो. नकार त्यांचा होता, कारण आपलं होतं. डोसची वेळ फिजिओच्या आधी आणली आणि रविवारी सकाळी फिजिओची पाळी लावली. नवं यंत्र लागलं नाही, जादा औषध लागलं नाही.

म्हणून कारणाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कारण कुठून आलं, याचे साधारण चार कप्पे वापरतात: पेशंट आणि नातेवाईक, उपचार करणारे, हॉस्पिटलची व्यवस्था, आणि बाहेरचं काही, म्हणजे टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी संस्था), रक्तपेढी, घरी न्यायला कुणी नसणं. पहिल्या कप्प्याकडे नेहमी संशयाने पाहा. तो भरायला सगळ्यांत सोपा असतो, कारण पेशंट शीट वाचून हरकत घेत नाही. ‘नातेवाईक तयार नाहीत’ असं लिहिलेलं दिसलं की विचारा, त्यांना कधी सांगितलं? डिस्चार्ज उद्या आहे हे आज रात्री कळलं, तर मुलगा पुण्याहून रजा काढून येणार कसा?

आता डॉक्टरांचा मुद्दा. प्रत्येक पेशंट वेगळा असतो हे शंभर टक्के खरं आहे, आणि पाथवे मोडण्याचा अधिकार डॉक्टरांकडे राहिलाच पाहिजे. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी नीट काम करत नसलेल्या पेशंटला ठरलेलं वेदनाशामक दिलं नाही, हा व्हेरियन्स आहे आणि तो उत्तम उपचारही आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस हॉस्पिटलमध्ये अॅलन मॉरिस यांच्या गटाने फुप्फुसांच्या गंभीर आजारात व्हेंटिलेटर कसा चालवायचा याचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेल्या सूचनांचा संच, केला, तेव्हा नेमकं हेच धोरण ठेवलं होतं. पेशंटसाठी योग्य वाटत नसेल तर डॉक्टरांनी सूचना नाकारायची. अशा नकारांची कारणं तपासली जात आणि गरज तिथे प्रोटोकॉलच बदलला जाई. तुमच्या डॉक्टरांना शीट हजेरीपटासारखी वाटत असेल तर ते चिडणारच. आपण लिहिलेल्या कारणामुळे पुढच्या महिन्यात पाथवेचं एक वाक्य बदललं, हे एकदा त्यांनी पाहू द्या. मग कारण मागायला त्यांच्या मागे धावावं लागत नाही.

आणि हे काम आपण सिस्टर लोक तसंही पूर्वीपासून करतोय. लेबर रूममधला पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती किती पुढे सरकली ते दाखवणारा आलेख, आठवा. फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये, आजच्या झिंबाब्वेत काम करताना, त्यावर अलर्ट लाईन (सावध होण्याची रेषा) आणि अॅक्शन लाईन (पाऊल उचलण्याची रेषा) आणल्या. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडावं हे गृहीत, आणि अॅक्शन लाईन अलर्टच्या चार तास उजवीकडे, म्हणजे लांबच्या केंद्रातून बाईला मोठ्या रुग्णालयात हलवायला वेळ मिळावा. रेषा ओलांडली म्हणून सिस्टरला कुणी जाब विचारत नव्हतं. रेषा ओलांडली की आता काय करायचं, एवढंच ठरायचं. पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. एक सेंटिमीटरपेक्षा सावकाश जाऊनही कित्येक बायकांची प्रसूती सुखरूप होते, हे हळूहळू अभ्यासांतून दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींमध्ये ते मान्य केलं आणि २०२० च्या लेबर केअर गाइडमधून त्या दोन रेषा काढून टाकल्या. एवढ्या बायका रेषेबाहेर का जातात, हा प्रश्न शेवटी रेषेलाच विचारला गेला. तुमच्या पाथवेतही असं एखादं वाक्य सापडेल जे जवळजवळ कुणालाच पाळता येत नाही. तिथे माणसं तपासण्याआधी ते वाक्य तपासा.

नोंदी वाचताना एक सवय लावून घ्या. एखाद्या आठवड्यात आकडा वाढला की लगेच मीटिंग बोलावू नका. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत बेल टेलिफोनच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत कारखान्यातल्या मालासाठी कंट्रोल चार्ट, म्हणजे आकड्यांचे चढउतार दाखवणारा आलेख, काढला, तेव्हापासून दोन प्रकारचे चढउतार वेगळे ओळखले जातात: पद्धतीतच मुरलेले, नेहमी थोडेफार होणारे, आणि काहीतरी वेगळं घडल्यामुळे झालेले. पहिल्या प्रकारासाठी एखाद्या सिस्टरला बोलणं निरर्थक आहे. तिथे पद्धत बदलावी लागते. दुसऱ्यासाठी त्याच आठवड्यात जाऊन पाहावं लागतं. साध्या आलेख कागदावर दर आठवड्याचा एक ठिपका काढत गेलात तरी काही महिन्यांत फरक डोळ्यांना कळायला लागतो.

मर्यादाही सांगते, कारण खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. उत्तर प्रदेशात बाळंतपणाच्या चेकलिस्टवर मोठी चाचणी झाली, बेटरबर्थ नावाची. १२० केंद्रं, दीड लाखाहून जास्त माता. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षणामुळे ठरलेल्या गोष्टी पाळण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं, पण माता आणि नवजात बाळांच्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. म्हणून पाळलं किती एवढंच मोजून थांबू नका, शेजारी पेशंटचं काय झालं तेही ठेवा: जखमेत जंतुसंसर्ग, पुन्हा भरती, पडणं. ठरल्यापेक्षा लवकर घरी गेलेला पेशंट हाही व्हेरियन्सच आहे. तो आनंदाने लिहा, पण महिन्याभरात परत आला का हे पाहिल्याशिवाय त्याला यश म्हणू नका.

आता तुमच्या वॉर्डापुरतं. पानभर मुद्दे ठेवू नका. गुडघ्यासाठी मी पाचच ठेवेन: चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक, कॅथेटर काढण्याची वेळ, उभं करणं, सलाईनवरून तोंडी औषधांवर येणं, आणि डिस्चार्ज. जे चुकलं तेवढंच लिहायचं, आणि पाळी बदलताना हँडओव्हरच्या वेळी लिहायचं. डिस्चार्जच्या दिवशी फाइल पूर्ण करताना आठवून लिहिलेलं कारण बहुधा खरं नसतं. महिन्याच्या तक्त्यात सिस्टरचं नाव येऊ देऊ नका. चुकीचं औषध, पेशंट पडणं, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन या गोष्टी इन्सिडेंट रिपोर्टमध्येच जाऊ द्या, त्यांना तपासाची वेगळी वाट आहे. एकदा का व्हेरियन्स शीट मेमोला जोडली गेली, की त्या दिवसापासून सगळ्या शीट कोऱ्या यायला लागतात. हे मी होताना पाहिलंय, आणि परत विश्वास बसायला फार वेळ लागतो.

डिस्चार्जबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या वॉर्डात सर्वांत जास्त नोंदी तिथेच येतील. ‘टीपीएमुळे उशीर’ एवढंच लिहू देऊ नका. डॉक्टरांनी राऊंडला सांगितलं ती वेळ, डिस्चार्ज समरी तयार झाली ती वेळ, उरलेली औषधं फार्मसीला परत गेली ती वेळ, फाइल टीपीएकडे गेली ती वेळ, मंजुरी आली ती वेळ आणि पेशंट खाट सोडून गेला ती वेळ, अशा सहा वेळा लिहा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलने कळवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. त्यामुळे उशीर खरंच त्यांच्याकडे असेल तर तुमच्या हातात पुरावा येतो. पण माझ्या पाहण्यात निम्मा दिवस फाइल आपल्याच मजल्यावर असते: आरएमओ (निवासी डॉक्टर) कॅज्युअल्टीत अडकलेला, समरी टाइप व्हायची, एक रिपोर्ट लॅबमधून यायचा. उद्या घरी जाणाऱ्यांची समरी आदल्या संध्याकाळी लिहून ठेवली तरी बराच फरक पडतो.

आणि महिन्यातून एकदा अर्धा तास मागून घ्या. सर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिओ, तुम्ही आणि बिलिंगचं कुणीतरी. तुम्ही एकच मुद्दा आणायचा, त्याच्या सगळ्या नोंदी एका कागदावर, आणि काय बदलायचं, कोण बदलणार हे उठण्याआधी ठरवायचं. पुढच्या महिन्यात आधी तो बदल झाला का ते पाहायचं, मग नवा मुद्दा. सर्जन आले नाहीत तर उभं करण्याचा विषय घेऊ नका, आणि बिलिंगचं कुणी आलं नाही तर डिस्चार्जचा विषय पुढच्या वेळेसाठी ठेवा.