नदीकाठची प्रश्नोत्तरं: जाळं रिकामं आलं तरी लिहायचं

प्रश्न : ताई, आमचं गाव भोर तालुक्यात, नीरेच्या काठाला. गेली चार वर्षं शहरातून संशोधक पोरं-पोरी येतात. भल्या पहाटे पाण्यात मशीन बुडवतात, जाळ्यातले मासे पट्टीवर मोजतात आणि परत सोडून देतात. दर वेळी मला तेच विचारतात, पूर्वी कोणते मासे मिळायचे? मीही दर वेळी तेच सांगतो : खडशी, शिंगाळा, घोगरा. आता सगळी चिलापीच. चार वर्षं लिहून घेतलं, नदीत काय फरक पडला?
– एक वाचक, भोर

उत्तर : काहीच नाही, दादा. वजनकाट्यावर उभं राहून कुणी बारीक होत नाही, तशी मासे मोजून नदी सुधारत नाही. तुमचा राग रास्त आहे आणि त्यातला निम्मा माझ्यासारख्या नदीचा अभ्यास करणाऱ्यांवर निघायला हवा. आम्ही विचारतो, लिहून घेतो आणि काय सापडलं ते सांगायला मात्र परत फिरकत नाही. पुढच्या खेपेला ती मंडळी आली की चहा टाकायच्या आधी गेल्या वर्षीची वही दाखवायला सांगा.

पहाटेचं कारण सांगते. ते मशीन पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतं. दिवसा उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडत असतात. दुपारी तीनला मोजलं तर सांडपाण्याने भरलेली नदीसुद्धा ठणठणीत दिसू शकते. रात्री देणारं कुणी नाही, घेणारे सगळे : मासे, शेवाळ, तळाचा कुजका गाळ. त्यामुळे उजाडायच्या सुमाराला आकडा सगळ्यात खाली असतो, आणि माशाचा जीव जातो तो त्याच वेळी. दुपारी येऊन, मोजून, 'पाणी चांगलं आहे' असा कागद देऊन जाणारा कुणी भेटला तर त्याला पहाटेचं आमंत्रण द्या.

तेच तेच चार वर्षं का? दुष्काळात पाणी आटतं, मासे डोहात गोळा होतात आणि जाळं भरून येतं. बघणाऱ्याला वाटतं, मासा वाढला. २०१९ सारखा पूर आला की सगळं विखुरतं आणि वाटतं, मासा संपला. दोन्ही खोटं. त्याच जागी, त्याच महिन्यात, तेच जाळं तेवढाच वेळ लावून वर्षानुवर्षं बघितलं तरच काही कळतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगते. सुरुवातीच्या दोन वर्षांत जाळं रिकामं आलं की मी वहीत काहीच लिहीत नसे. लिहायला आहे काय, असं वाटायचं. वर जाळं काढताना बोटं गारठलेली, पेन चालत नसे. नंतर सगळं मांडायला बसले तेव्हा सात ठिकाणच्या ओळी कोऱ्या. आता मी तिथे गेलेच नव्हते, की गेले आणि मासा नव्हता? मलाच सांगता येईना. दोन वर्षांची पायपीट पाण्यात. तेव्हापासून माझ्या वहीत शून्य मोठ्ठं असतं, शेजारी तारीख आणि वेळ.

असल्या वह्यांनी काय होतं, ते तुमच्या खडशीच्याच गोष्टीतून सांगते. १९७०च्या दशकात लोणावळ्याला वळवण तलावाकाठी खडशीचं, म्हणजे आपल्या महाशीरचं, कृत्रिम प्रजनन सुरू झालं. तिथलं बीज पुढे इतर नद्यांत गेलं, कर्नाटकात कावेरीतही सोडलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता : पाठीला उंचवटा, पर नारिंगी, वजन पन्नास किलोपर्यंत जाणारं. तिथे गालीबोरेला गळ टाकून मासा पकडायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचा, अशा छंदाची मंडळी येत. त्यांच्या पकडीच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी होत्या. अभ्यासकांनी त्या नंतर मांडल्या, तेव्हा दिसलं की बाहेरून आलेला मासा वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा घटत गेला. त्याची लहान पिल्लं तर दिसेनाशीच झाली. गळाला मासे भरपूर लागत होते, त्यामुळे डोळ्यांनी काठावर बसून हे कुणाला कळलं नसतं. कावेरीच्या त्या माशाला टॉर रेमादेवी हे शास्त्रीय नाव चिकटलं तेही २०१८ साली, तोवर तो नष्ट व्हायच्या टोकाला आलेला. आणि गंमत बघा, धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याच वर्षी खडशी मात्र धोक्याबाहेर दाखवली गेली. कागदावर खडशी सुखरूप, तुमच्या डोहातून गायब, आणि दोन्ही खरं.

चिलापीचं म्हणाल तर ती १९५२ साली भारतात आणली, मूळची आफ्रिकेतली. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा पिल्लं काढते, घाण पाण्यात, कमी प्राणवायूत तग धरते. खडशीचं सगळं उलट. तिला वाहतं पाणी हवं, गोट्यांचा तळ हवा, पावसाळ्यात वर चढायला वाट हवी. तुमच्याकडे वर भाटघर आणि नीरा देवघर, खाली वीर अशी धरणं, मध्ये केटी, म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचे, बंधारे. पाणी वाहतं ते धरणातून आवर्तन सुटलं की. जिथे वाळू उपसली तिथे तळही गेला. चिलापीने खडशी खाल्ली असं काठावरची माणसं म्हणतात. मला वाटतं खडशी आधी निघून गेली आणि चिलापी रिकाम्या घरात शिरली. पण हे माझं मत झालं. सिद्ध करायला चाळीस वर्षांच्या वह्या लागतात. त्या नसल्यामुळेच ती पोरं तुमच्या दारात येतात, कारण चाळीस वर्षांपूर्वीचा नीरेचा आकडा आता फक्त तुमच्या आठवणीत आहे.

अजून एक. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनला प्रसिद्ध केली. इथली बोलीतली नावं त्याने तशीच उचलली. म्हणून शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव स्पेराटा सीनघाला, घोगऱ्याचं रीटा गोग्रा. नाकावर खाच असलेला मासा नुक्ता. मी तो नकटाच म्हणते. घोगरा हातात घेतला की घर्र घर्र करतो म्हणून घोगरा, असं मला एका भोई मामांनी सांगितलं होतं. ही नावं जगभरच्या पुस्तकांत आहेत, पण प्रत्येकापुढे नाव लागतं साइक्सचं. ती ज्यांच्या तोंडची, त्या भोयांचं नाही. तेव्हा ती पोरं पुन्हा आली की सांगा, वहीत माहिती देणाऱ्याचं नाव घाला. तुमचं.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. तिला प्रयोगशाळेत नाही, रानात आणि नदीवर काम करायचंय. पोटापाण्याचं काय? आणि एकट्या मुलीला तिथे सुरक्षित असतं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पैशाचं आधी. सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी कामं, एक प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. घरच्या हप्त्यांची जबाबदारी तिच्यावर असेल तर आत्ताच मोकळेपणाने बोला. शिकायला चांगल्या जागा आहेत : डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचा वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी. प्रवेशाला चुरस आहे. तिला सांगा, गणित आणि संख्याशास्त्र सोडू नकोस. रानात दहा दिवस गेले की संगणकापुढे वीस दिवस जातात, हे फोटोत दिसत नाही.

सुरक्षिततेबद्दल लोक बिबट्याचं विचारतात. बिबट्याने मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो घाटातल्या दुचाकीने, मलेरियाने, दिवसभर पाणी न पिण्याने (आडोसा नसतो म्हणून बायका पाणी पीत नाहीत, मग मुतखडे होतात) आणि 'एकट्याच आलात?' विचारणाऱ्या माणसांनी. एकदा एका धरणाखाली नदीच्या मधल्या खडकावर उभी राहून नमुने घेत होते. वरून पाणी सोडलं, कुणी कळवलं नाही. आधी पायाजवळची पानं उलट्या दिशेला फिरायला लागली. मला मजा वाटली. मग गोटे घरंगळल्याचा आवाज आला आणि मी मीटर, बाटल्या, डबा सगळं टाकून काठाकडे पळाले. मीटर गेला. तेव्हापासून धरणाखाली काम असलं की आदल्या दिवशी आवर्तनाची चौकशी करते, एक माणूस काठावर उभा ठेवते आणि कुठे चाललोय, किती वाजता परत येणार, ते घरी आणि गावात एकाकडे लिहून देते. तुमच्या मुलीने पहिल्या मुलाखतीत पगाराआधी हे विचारावं : तुमच्याकडे सोबतीला माणूस देतात का? 'बघू' असं उत्तर आलं तर ती जागा सोडलेली बरी.

लेक परत येईल तेव्हा बुटांना चिखल असेल आणि आठवडाभर तिला फक्त वरणभात लागेल. तेवढी तयारी ठेवा.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा, शेजारी ओढा. मुलांना नदीचा अभ्यास करायचाय, पण उपकरणं काहीच नाहीत.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : दिवाळीनंतर, पाणी घोट्याएवढं आणि वाहतं असेल अशा जागी जा. डोहात नको, पावसात तर मुळीच नको. पाण्यातले दहा दगड अलगद उचलायचे आणि खालची बाजू बघायची. एक पांढरं ताट आणि पाणी पुरे. किडे त्यात ठेवले की स्पष्ट दिसतात.

तीन शेपट्यांची, पोटाच्या कडांना झालर असलेली चपटी अळी म्हणजे मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याचं पिल्लू. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी करणारी ती कॅडिस नावाच्या किड्याची अळी; ती नळीतून डोकं काढते तेव्हा मुलं ओरडतात. या दोघी असतील तर पाण्यात प्राणवायू आहे. आणि लाल, दोऱ्यासारख्या अळ्याच वळवळताना दिसल्या तर घाण येतेय. लाल का? त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे थोड्या प्राणवायूवरही त्यांचं भागतं.

किती दगड, कुठले, कोणत्या तारखेला, ते मुलांना लिहायला लावा. दगड होते तसे, खालची बाजू खालीच करून परत ठेवा. आणि मुलांनी या अळ्यांना कोणती नावं ठेवली ती मला जरूर कळवा. मराठीत यांना धड नावं नाहीत. मी अजून 'तीन शेपटीवाली' म्हणूनच काम चालवते.