जुना लॅपटॉप आणि एमएक्स लिनक्स २५ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीपासून येणाऱ्या प्रश्नांची जातकुळी एकच आहे. विंडोज १० चे अपडेट थांबले, नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत किंवा इच्छा नाही, आणि कुणीतरी सांगितलं की एमएक्स लिनक्सची नवी आवृत्ती टाका, मशीन पळायला लागतं. एमएक्स लिनक्स ही विंडोजच्या जागी टाकायची ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस). नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली तिची ही एमएक्स २५ आवृत्ती डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर उभी आहे. ती फुकट आहे, तिचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे, आणि जुन्या मशीनवर ती बरी चालते. पळणं वगैरे मशीनवर अवलंबून. एकेकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहितो.

प्रश्न (विश्रामबाग) : आमचा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. दुकानदार म्हणतो, विंडोज १० आता चालूच होणार नाही, नवा घ्या. खरं का?

खोटं. विंडोज १० आजही चालू होतं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं, एवढंच. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६ चं मशीन त्यात बसत नाही. दुकानदाराच्या बोलण्यात खरं आहे ते इतकंच. लॅपटॉप टाकून देण्याआधी आत फिरती हार्डडिस्क आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क), हे एकदा तपासून घ्या. ‘हँग होतो’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनचं दुखणं त्या फिरत्या डिस्कमध्ये असतं, आणि ते कुठलीही ओएस टाकून बरं होत नाही.

प्रश्न (कुपवाड) : रॅम किती लागते?

२ जीबीत सुरू होईल, ४ जीबीत वापरता येईल. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून बसणाऱ्यांनी दोष लिनक्सला देऊ नये.

प्रश्न (मिरज) : आमच्या टायपिंग क्लासमध्ये सहा जुनी मशीन आहेत. तंत्रज्ञ म्हणतो, सगळी ३२ बिट आहेत आणि नवी आवृत्ती ६४ बिटच आहे, त्यामुळे भंगारात काढा.

३२ किंवा ६४ बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात केवढी माहिती हाताळतो ते. नवी आवृत्ती फक्त ६४ बिट आहे, हे बरोबर. डेबियन १३ नं ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (ओएसचा गाभा) देणं बंद केलं, आणि एमएक्स त्यावरच उभी असल्यानं तिचाही तो रस्ता संपला. पण ‘सगळी ३२ बिट’ हे कशावरून ठरवलं? मशीनवर ३२ बिट विंडोज टाकलेली आहे आणि प्रोसेसर ३२ बिट आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोअर टू ड्युओ हा प्रोसेसर ६४ बिटच आहे, पण त्या काळात रॅम एक-दोन जीबी असायची, म्हणून सरसकट ३२ बिट विंडोज टाकून दिली जायची. ते लेबल मशीनला कायमचं चिकटलं.

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं गेलात की ‘सिस्टिम टाइप’ची ओळ दिसते. तिचा स्वल्पविरामापुढचा भाग वाचा. ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ लिहिलं असेल तर मशीन ६४ बिट आहे, अलीकडचा भाग काहीही म्हणो. सहापैकी एखादं खरंच ३२ बिट निघालं (जुन्या छोट्या नेटबुकमधला अॅटम एन२७० असा आहे), तर डेबियन १२ वर आधारलेली अँटीएक्स २३ ही दुसरी हलकी लिनक्स टाका. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या आहेत. तोवर टायपिंग शिकणाऱ्या दोन-तीन बॅचेस सहज निघतील. भंगारवाल्याला बोलावण्याआधी सहाही मशीनची ती ओळ लिहून मला किंवा कुणाही जाणत्या माणसाला दाखवा.

प्रश्न (हरभट रोड) : इन्स्टॉल करताना डाटा जाणार नाही ना? मित्र म्हणतो फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो, डी ला काही होत नाही.

मित्राला माझा नमस्कार सांगा आणि मशीनपासून चार हात लांब ठेवा.

सी आणि डी ही विंडोजनं दिलेली नावं. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती माहीत नाहीत. त्याला दिसते अख्खी डिस्क : एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई अशा नावाची, आणि शेजारी तिचा आकार. तो आकारही तुम्ही विकत घेतलेला दिसत नाही. २५६ जीबीची एसएसडी २३८ आणि एक टीबीची डिस्क ९३१ अशी काहीतरी दिसते, कारण मोजायची पद्धत वेगळी आहे. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडून पुढे गेलात की सी आणि डी दोन्ही जातात. डी हा बहुतेक वेळा त्याच डिस्कचा एक कप्पा असतो, वेगळी डिस्क नव्हे. बॅकअप घेतलेली बाहेरची डिस्क यूएसबीला तशीच लावून ठेवली असेल तर तीही त्याच यादीत दिसते. घाईत ती निवडून बॅकअप पुसलेले लोक मी पाहिले आहेत. एक तर इंजिनिअर होता.

यापुढचं थोडं लांबेल, पण ज्यांनी सांगलीचा ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिला त्यांना पटेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर महिनाभर माझ्या टेबलावर चिखल वाळलेल्या हार्डडिस्क येत होत्या. एका हिशेबनिसानं दोन आणल्या, एक संगणकातली आणि एक बॅकअपची. मी विचारलं, बॅकअपची कुठं होती? म्हणाला, त्याच टेबलाच्या खालच्या खणात. हार्डडिस्कच्या झाकणावर सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं, आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. बहुतेक डिस्कवर ‘हे झाकू नका’ असं शेजारी छापलेलंही असतं. पुराचं गढूळ पाणी तिथूनच आत शिरतं. डिस्क उन्हात वाळवून सुरू केली की आतला गाळ चकतीवर घासतो, आणि जे वाचलं असतं तेही जातं. त्यानं दोन्ही वाळवून सुरू करून पाहिल्या होत्या. दुसऱ्याला काय हसायचं, माझी स्वतःची तीन वर्षांची बिलं त्याच पाण्यात गेली. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा माझी एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक विट्याला मेहुण्याकडे होती.

तर रीत अशी. कामाच्या फायलींच्या एकूण तीन प्रती हव्यात, त्यातल्या दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. आपल्या गावात ‘बाहेर’ म्हणजे पूररेषेच्या बाहेर. पेनड्राइव्ह फायली ने-आण करायला आहे, वर्षानुवर्षं साठवायला नाही. प्रत घेतली की ती दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फायली उघडून बघा. नुसती फोल्डरची नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, नाहीतर बायोसमधल्या (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्राममधल्या) एका बदलानंतर स्वतःच्याच मशीनबाहेर उभे राहाल. हे सगळं झालं की बाहेरच्या डिस्का काढून ठेवा, आणि पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या माहितगाराला शेजारी बसवूनच इन्स्टॉलचं बटण दाबा. ‘बॅकअप पुढच्या रविवारी घेतो’ म्हणणाऱ्यांनी इन्स्टॉलही त्याच्या पुढच्या रविवारी करावं.

प्रश्न (इस्लामपूर) : एका दुकानात ‘लिनक्स लायसन्स’चे अडीच हजार आणि अँटीव्हायरसचे वेगळे सांगितले. योग्य आहे का?

मजुरी घ्यायचा त्याला हक्क आहे. लायसन्सचे पैसे घ्यायचा नाही, कारण एमएक्स वापरायला लायसन्स विकत घ्यावं लागतच नाही. पावतीवर ‘इन्स्टॉलेशन मजुरी’ असं लिहून मागा. तो लिहीत नसेल तर उठून या. घरच्या वापराला अँटीव्हायरसही लागत नाही. अपडेट वेळेवर करा आणि कुणी फॉरवर्ड केलेली फाइल पासवर्ड देऊन चालवू नका. दुकानदारानं पेनड्राइव्हमध्ये दिलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची मूळ फाइल) सुद्धा घेऊ नका. एमएक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा आणि चेकसम (फाइल मूळचीच आहे का ते दाखवणारा संकेतांक) जुळवून बघा. ते जुळवणं जमत नसेल तर जमणाऱ्याकडून करून घ्या.

प्रश्न (तासगाव) : मराठी टाइप होतं का? शिवाजी फॉन्टमधल्या जुन्या फायली उघडतील का?

युनिकोड मराठी व्यवस्थित होतं. कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींची प्रमाण मांडणीही आहे आणि मराठी (कगप) हा उच्चारावरून टाइप करायचा पर्यायही. ज्यांना ‘वाऱ्यावर’ आणि ‘तऱ्हा’ नीट उमटत नाही अशी तक्रार असते, त्यांनी इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून J ची कळ दाबावी, नुसती J नव्हे. त्यातून ऱ येतो, मग D ची कळ दाबून हलंत, मग पुढचं अक्षर. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

जुन्या फायलींचं दुखणं वेगळं आहे. शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमधल्या फायलींत खरं तर इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की अगम्य अक्षरं दिसतात, आणि लोक म्हणतात लिनक्सनं फाइल बिघडवली. फाइल जशीच्या तशीच असते. कन्व्हर्टरमधून ती युनिकोडमध्ये आणता येते, पण जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घालावी लागतात. जमिनीचे किंवा कोर्टाचे कागद असतील तर ज्यानं मूळ मजकूर टाइप केला त्यालाच वाचायला लावा. गट नंबरातला एक आकडा चुकला तर निस्तरायला वकील लागतो.

प्रश्न (मार्केट यार्ड) : आमच्या अडत दुकानात टॅली आहे, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन आहे. दिवाणजी म्हणतात सगळं लिनक्सवर आणू.

आणू नका. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. लिनक्सवर ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून ती चालवून दाखवणारे व्हिडिओ आहेत, पण हळदीचे सौदे चालू असताना ती बंद पडली तर व्हिडिओवाला यार्डात येणार नाही. टोकनचंही तसंच. काही टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर आहेत, काहींचे नाहीत, आणि रिटर्नच्या शेवटच्या दिवशी ते कळून उपयोग नाही. हिशेबाचं एक मशीन विंडोजवरच ठेवा, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवर. बाकीच्या पत्रं, मेल आणि ब्राउझरच्या मशीनवर एमएक्स टाका. त्याआधी तुमच्या सीएंना विचारा. दिवाणजींना नंतर सांगितलं तरी चालेल.

प्रश्न (पलूस) : प्रिंटर चालेल का?

मॉडेलचा नंबर लिहिल्याशिवाय हा प्रश्न पाठवू नका. एचपीचे बहुतेक चालतात, मात्र लेझरजेट १०२० सारख्याला वेगळा प्लगइन उतरवावा लागतो. गावोगावच्या झेरॉक्स दुकानांतला कॅननचा एलबीपी २९०० त्रास देतो. एमएक्स पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवता येते, युजर आणि पासवर्ड दोन्ही ‘डेमो’. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. तशी चालवून प्रिंटर, वायफाय आणि आवाज तपासा, मग ठरवा.

प्रश्न (सांगलीवाडी) : माझ्याकडे एमएक्स २३ आहे. अपडेटचं बटण दाबलं की २५ होते का?

नाही. २३ डेबियन १२ वर आहे, २५ डेबियन १३ वर. पाया बदलतो, त्यामुळे नव्यानं इन्स्टॉल करणं हाच सरळ मार्ग. होम (तुमच्या फायलींचं फोल्डर) डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे पार्टिशनवर, असेल तर ते राखता येतं, पण ‘राखता येतं’ यावर विसंबून बॅकअप टाळू नका. वर हरभट रोडच्या वाचकाला दिलेलं उत्तर पुन्हा वाचा. २३ नीट चालत असेल तर आज रात्री काही अडलेलं नाही. पावसाळ्याआधी करा, म्हणजे झालं.

प्रश्न (माधवनगर) : एमएक्स २५ टाकली आणि एकही वेबसाइट उघडत नाही. प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. टाकून देणारा म्हणतो लिनक्स असंच असतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मशीन २०१० किंवा असल्याच कुठल्यातरी सालात बसलेलं असेल. वेबसाइटची प्रमाणपत्रं तारखेवरून तपासली जातात, आणि तुमच्या मशीनच्या हिशेबानं ती अजून लागूच झालेली नसतात. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की असं होतं. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. डेस्कटॉप असेल तर वायर काढून, सेल बदलून, बायोसमध्ये तारीख लावा. लॅपटॉप असेल तर तो सेल बऱ्याचदा कीबोर्डखाली वायरीनं जोडलेला असतो, स्वतः उघडू नका, दाखवायला आणा. टाकून देणाऱ्याकडे नका नेऊ.