खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं : आधी ते ताणणं बंद करा

ताई, कुशीवर झोपवत नाही, जिना चढताना खुब्याच्या बाहेरच्या हाडापाशी कळ येते, एक्स-रे नॉर्मल आणि जो तो सायटिका म्हणतो. तुमची पोस्ट वाचताना माझंच जुनं दुखणं वाचतोय असं वाटलं. मी डॉक्टर नाही. ताप असेल, पडल्यावर सुरू झालं असेल किंवा पाय बधिर होत असेल तर हे सोडा आणि आधी ऑर्थोपेडिककडे जा.

माझा संशय ग्लुटियस मीडियस या स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर आहे. कुल्ह्याच्या हाडावर बाहेरून पंख्यासारखा पसरलेला हा स्नायू मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला चिकटतो, तुमचं बोट जातं तिथेच. एक पाय उचलला की टेकलेल्या पायाचा हा स्नायू कंबर दुसरीकडे कलू देत नाही. म्हणजे पावलागणिक त्याला काम.

आता राग काढतो. एका फिजिओथेरपी सेंटरने कित्येक महिने माझा दुखरा पाय दुसऱ्या पायावरून आडवा ओढायला लावला, वर त्याच हाडावर रोलर फिरवला. पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे गेला की ही कंडरा हाडावर दाबली जाते, आणि चिडलेल्या कंडरेला नेमकं तेच सोसत नाही. दुखणं वाढलंय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आखडलंय, अजून ताणा." पॅकेजचे पैसे अर्थातच आगाऊ!

तेव्हा पायावर पाय टाकून बसणं, एका पायावर रेलून उभं राहणं, कंबर बाहेर काढून मूल कडेवर घेणं बंद. (मांडी घालून बसणं वेगळं, त्यात गुडघे बाहेर जातात; मला तरी चाललं.) व्यायाम ताकदीचे हवेत : आधी उताणं झोपून, गुडघ्यांभोवती ओढणी बांधून गुडघे हलकेच बाहेर दाबून धरणं, मग सेतुबंधासन (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), बऱ्याच उशिरा एका पायावरचे. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर प्रमाण कमी करा.

इंजेक्शनची घाई नको, असं माझं मत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या 204 रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांनी व्यायाम आणि सवयीतले बदल करणाऱ्यांपैकी सुमारे 77 टक्क्यांना बरं वाटलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे 58 टक्क्यांना.

झोपताना चांगल्या कुशीवर, पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आधार हवा. उशी रात्री निसटते, घरातला लोड घ्या.