स्फोटक वातावरणासाठी लोड सेल निवडताना : प्रश्नोत्तरे

प्रश्न : सॉल्व्हंटच्या टाकीखाली लोड सेल (वजन मोजणारे सेन्सर) बसवायचे आहेत. विक्रेता म्हणतो, आयपी ६८ आहे, आत काही शिरतच नाही, मग वेगळं सर्टिफिकेट कशाला?

आयपीचा आकडा धूळ आणि पाण्यापुरता असतो. ठिणगीत किती ऊर्जा असेल, पृष्ठभाग किती तापेल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. आधी आपल्याच सुरक्षा विभागाकडून क्षेत्र-वर्गीकरणाचा नकाशा घ्या. झोन कोणता, वायूचा गट कोणता आणि तापमान वर्ग कोणता, हे कळल्याशिवाय कोटेशन मागवूच नका. स्फोटक मिश्रण सतत किंवा बराच काळ राहतं तो झोन ०. तिथे सहसा ‘आयए’ दर्जाचा, म्हणजे बिघाड झाला तरी ठिणगीची ऊर्जा स्फोटाइतकी होऊ न देणारा, सेल लागतो. प्रोपेन आयआयए गटात, इथिलीन आयआयबीत, हायड्रोजन आणि ॲसिटिलीन आयआयसीत. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही.

प्रश्न : साध्या स्ट्रेन गेज (ताणाप्रमाणे रोध बदलणारी पट्टी) सेलमध्ये रेझिस्टरच तर असतात. तो ‘सिंपल ॲपरेटस’, म्हणजे सर्टिफिकेट न लागणारं साधं उपकरण, म्हणून चालेल ना?

युक्तिवाद करता येतो, पण आत ४-२० मिलिअँपिअरचा ॲम्प्लिफायर असेल तर तो तिथेच संपतो. नुसत्या ब्रिजच्या (रेझिस्टरच्या जोडणीच्या) बाबतीतही इन्सुलेशन आणि तापमान तपासून कागदावर आणण्याची जबाबदारी तुमची, आणि बॅरियर, म्हणजे धोक्याच्या क्षेत्रात जाणारी वीज मर्यादित ठेवणारा घटक, तर लागतोच. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा मी प्रमाणित सेलच घेईन.

प्रश्न : सेल प्रमाणित, बॅरियर प्रमाणित. तरीही तपासनीसांनी हरकत घेतली आणि वजनही हलतंय. असं का?

दोन्ही तक्रारींची मुळं जोडणीत आहेत. सर्टिफिकेट सुट्या वस्तूचं असतं, सुरक्षितता मात्र संपूर्ण सर्किटची बघावी लागते. बॅरियरचे यूओ, आयओ आणि पीओ (तो जास्तीत जास्त देऊ शकेल ते व्होल्टेज, करंट आणि पॉवर) हे आकडे सेलच्या यूआय, आयआय आणि पीआयपेक्षा (सेलला चालणाऱ्या त्यांच्याच कमाल मर्यादांपेक्षा) जास्त नकोत. सेल आणि केबल यांचं एकत्रित कपॅसिटन्स बॅरियरच्या सीओ या मर्यादेच्या आत हवं, इंडक्टन्स एलओच्या आत. लांब केबल टाकणारे इथेच अडकतात. हा हिशेब फाइलमध्ये नसेल, तर तपासनीसांचं काही चुकलं नाही.

आता वजन. ३५० ओमचे चार सेल समांतर जोडले की ८७.५ ओम उरतात. बॅरियरच्या दोन्ही वाटांचा रोध मिळून १०० ओम धरला, तर पुरवठ्याच्या १० व्होल्टमधले सेलपर्यंत जेमतेम ४.७ पोहोचतात. सिग्नल निम्म्याहून कमी झाल्यावर आकडा नाचणारच. सहा तारांची जोडणी करा, म्हणजे इंडिकेटर (वजन दाखवणारं यंत्र) सेलवरचा खरा व्होल्टेज पाहून गुणोत्तर सांभाळतो. पण त्यानं सिग्नल मोठा होत नाही, म्हणून जास्त ओमचे सेल किंवा कमी रोधाचा बॅरियर पाहा. झेनर बॅरियर (जादा व्होल्टेज अर्थकडे वळवणारा) असेल तर त्याचं अर्थिंगही तपासा, ते १ ओमच्या आत असायला हवं.

प्रश्न : आमच्याकडे वायू नाही, पिठाची धूळ आहे. वायूसाठी प्रमाणित सेल चालेल?

नाही. धुळीसाठी झोन २०, २१, २२ आणि वेगळं मार्किंग असतं. पीठ आयआयआयबी गटात, धातूची वाहक धूळ आयआयआयसीत. धुळीच्या ढगाच्या प्रज्वलन तापमानाच्या दोन तृतीयांशापेक्षा पृष्ठभाग जास्त तापता कामा नये. सेलवर थर साचत असेल तर थराचा निकष वेगळा लागतो.

प्रश्न : सर्टिफिकेटच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ अक्षर आहे. हरकत आहे का?

हरकत नाही, पण वापराच्या खास अटी आहेत, असा त्याचा अर्थ. केबलला आघातापासून जपा, घर्षणाने स्थिर वीज साठू देऊ नका, अशा अटी असतात. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर परिसराचं तापमान उणे २० ते अधिक ४० अंशच धरतात. भट्टीजवळ सेल बसवणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधी ती ओळ शोधावी.