रोजच्या इंग्लिश बोलण्यात ॲड्रेनलिन हा शब्द वाक्यात कसा वापरायचा?

हे किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून येणारं हार्मोन, पण बोलताना इंग्लिशमध्ये ते घाबरल्यावर किंवा एक्साइट झाल्यावर अंगात जी तरतरी येते तिच्यासाठी वापरतात. परवा रात्री बाईकमागे दोन कुत्री लागली, छाती धडधडायला लागली आणि घरी पोचल्यावर चावी कुलपात जाईना इतके हात थरथरत होते, तर हे सांगायचं असेल तर 'आय फेल्ट अ रश ऑफ ॲड्रेनलिन' किंवा 'माय ॲड्रेनलिन वॉज पंपिंग'. दोन रात्री झोप नाही तरी लग्नघरात पळापळ चालूच आहे, तिथे 'आय ॲम रनिंग ऑन ॲड्रेनलिन', हे मला सगळ्यात आवडतं कारण अगदी नेमकं बसतं. बंजी जंपिंगवाल्या मित्राला 'ॲड्रेनलिन जंकी' म्हणतात.

एक चूक मात्र खूप जण करतात, 'ॲन ॲड्रेनलिन' असं नुसतं म्हणू नका, हा शब्द पाण्यासारखा आहे, मोजता येत नाही; पुढे रश आला की मग 'ॲन ॲड्रेनलिन रश' बरोबर. आणि जोर 'ड्रे' वर द्या. अमेरिकेत डॉक्टर लोक ह्यालाच एपिनेफ्रिन म्हणतात, पण घरगुती बोलण्यात तिकडेही ॲड्रेनलिनच.